लिंबूटिंबूंचा क्लास: वागळे इस्टेटमधल्या रिमोट गाड्यांच्या ट्रॅकवर एक वर्ष

पाटी शोधत बसू नका, पाटी नाही. ठाण्यात वागळे इस्टेटच्या रोड नंबर १६ वरून आत वळलात की एका बंद पडलेल्या वर्कशॉपचं निळं शटर दिसेल. रविवारी ते कमरेच्या जरा वर उघडं असतं आणि आतून शिलाई मशीन भरधाव चालावं तसा आवाज येत असतो. वाकून आत शिरायचं. डोकं सांभाळा, माझं दोनदा आपटलंय.

मी खोपटच्या एसटी डेपोत ३३ वर्षं मेकॅनिक होतो. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. तू पुढे खेळण्यातल्या गाड्यांवर अभिप्राय लिहिशील, असं तेव्हा कुणी म्हणालं असतं तर त्याला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला असता. पण गेलं वर्षभर जवळजवळ दर रविवारी मी तिथे असतो आणि सोसायटीतला कुणी ना कुणी जिन्यात अडवून विचारतो, "काका, पोराला घालू का तिथे?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

ट्रॅक म्हणजे फरशीवर ताणून चिकटवलेलं करडं कार्पेट, अंदाजे २० मीटर बाय १२. वळणांच्या कडेला आगीच्या बंबाचे जुने होज पाइप बसवलेत. एका भिंतीला लाकडी मचाण, त्यावर उभं राहून गाडी चालवायची. कार्पेटखाली एक तार पुरलीय आणि प्रत्येक गाडीत काडेपेटीहून लहान ट्रान्सपॉन्डर. गाडी तारेवरून गेली की कॉम्प्युटर फेरी मोजतो. चालवणारे दोघं, तिशीतले. पोरं त्यांना दादा म्हणतात, ते मला काका. ट्रॅक चांगला आहे, पावसाळ्यात तर सोयीचाच. पण नुसत्या ट्रॅकसाठी मी एवढं लिहिलं नसतं. तिथले नवशिक्यांचे नियम बघण्यासारखे आहेत आणि ते होताना मी तिथे होतो.

नातू सहावीत. पहिल्यांदा आलो तेव्हा त्याच्याकडे ऑनलाइन मागवलेली गाडी होती. खोक्यावर तासाला ६० किलोमीटर लिहिलेलं. ६० किलोमीटरने आमची एसटी घोडबंदर रोडला सुटली तर मी डोळे मिटायचो, आणि ही वीतभर गाडी ११ वर्षांच्या पोराच्या बोटावर. पहिल्याच वळणाला होज पाइपवर आदळली, पुढच्या चाकाचं नकल, म्हणजे चाक वळवणारा सांधा, तुटलं. पार्ट मिळेना. दोन रविवार आम्ही नुसते बघत बसलो.

तेव्हा नवशिक्यांसाठी नियम असा नव्हताच. "बिगिनर क्लास, जी असेल ती गाडी आणा," एवढंच. पोरं त्याला लिंबूटिंबू म्हणायची. लगोरीत, पकडापकडीत धाकट्या भावाला लिंबूटिंबू करून घेतात ना, तसं. तो आऊट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, पण मैदानात असतो. नाव पोरांनी अचूक दिलं होतं, फक्त क्लास तसा नव्हता. नऊ-दहा पोरांत दोघांच्या गाड्या बाकीच्यांच्या दुप्पट वेगाच्या. कारण त्या पोरांना बाबा होते.

यातले एक बाबा मला अजून भेटतात, माणूस सज्जन आहे, म्हणून जपून लिहितो. त्यांनी मुलाच्या गाडीत ब्रशलेस मोटर (आत कार्बन ब्रश नसलेली, जास्त पळणारी) आणि तीन सेलची बॅटरी घातली होती. मुलगा आठ वर्षांचा. दोन सेलची बॅटरी पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट देते, तीन सेलची १२.६. दीडपट व्होल्टेज म्हणजे मोटरचे फेरेही दीडपट, आणि वळणावरची आदळआपट त्याहून कितीतरी जास्त. मुलाला गाडी आवरेना, मग रिमोट बाबांच्या हातात. "बघ, असं वळवायचं." मुलगा शेजारी उभा राहून बघतोय, बाबा शर्यत जिंकतायत, समोर नऊ वर्षांची एक मुलगी रडतेय कारण तिची गाडी मधोमध उडवली गेलीय. महिन्याभरात क्लासला पाच जण उरले. एका रविवारी तर तीनच.

मग त्या दोघांनी एक चांगली गोष्ट केली. शर्यती बंद ठेवून सगळ्या पालकांना बसवलं, फळा पुसला आणि म्हणाले, सांगा. दोन तास चाललं. वडापाव दोनदा आले.

पहिला तासभर "स्टॉक" या एका शब्दावर गेला. कुणीतरी म्हणालं, मोटर स्टॉक असावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. तर ते बाबा म्हणाले, माझी स्टॉकच आहे. आणि ते खोटं बोलत नव्हते. या खेळात आत तारेचे साडेसतरा किंवा साडेएकवीस वेढे असलेल्या ब्रशलेस मोटरच्या वर्गालाही स्टॉकच म्हणतात. किटमधून, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या डब्यातून, आलेल्या साध्या मोटरलाही स्टॉक म्हणतात. नियम लिहिताना असा शब्द वापरला की भांडणाला आमंत्रण. आमच्या डेपोत "गाडी ठीक" असा शेरा लॉगशीटवर मारायला फोरमन बंदी करायचे, त्याची आठवण झाली. ठीक म्हणजे काय ठीक? ब्रेक ठीक, की रंग ठीक?

आता फळ्यावर लिहिलंय: "किटच्या डब्यातून निघालेली ५४० मोटर." डब्यातून निघालेली. यावर वाद घालून दाखवा. (५४० हे मोटरच्या मापाचं नाव.)

गाडी एकच ठरली, टामियाची टीटी-०२. एक दशांश मापाची, चारही चाकांना जोर. ही कंपनी जपानमधल्या शिझुओकाची, आणि रिमोटची पहिली गाडी त्यांनी १९७६ साली काढली, पोर्श ९३४. टीटी-०२ आली २०१३ मध्ये. मला ती का आवडली सांगतो. मोटर मागे, आणि तिथून मधोमध प्रॉपेलर शाफ्ट पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलला जोर नेतो. जीपसारखंच, फक्त प्लॅस्टिकचं. पट्टा नाही, ताण बघायची भानगड नाही, धूळकचरा आत जात नाही. पोराला ती घरी स्क्रू-ड्रायव्हरने उघडून परत जोडता येते. आमची जोडायला तीन संध्याकाळी लागल्या. त्यात डिफरन्शियलचे दात बसवताना नातवाने विचारलं, "आबा, वळताना बाहेरचं चाक जास्त का फिरतं?" ३३ वर्षांत एकाही हेल्परने मला हे आपणहून विचारलं नव्हतं.

गिअरही बांधून दिलेत: २२ दातांचा पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक), ७० दातांचा स्पर (पिनियन फिरवतो ते मोठं), किटमध्ये येतात तेच. आतल्या गिअरबॉक्सचं २.६ चं प्रमाण धरलं तर मोटर सव्वाआठ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. मोठा पिनियन लावला की वरचा वेग वाढतो आणि मोटर तापते. नवशिक्याला एवढं कळलं तरी बास, प्रयोग पुढच्या वर्गात.

पण मोटर किटचीच आहे हे ओळखायचं कसं? दिसायला तीच चंदेरी डबी, आत वेढे कमी असले तर फेरे जास्त. बाहेरून कळत नाही. इथे मी तोंड उघडलं. एसटीत गाडीचा वेग डिझेल पंपावर बांधलेला असायचा. स्क्रूला तार आणि तारेला शिशाचं सील. ड्रायव्हर कितीही तुडवो, गाडी ठरल्यापुढे जायची नाही, आणि सील तुटलेलं दिसलं की खुलासा द्यावा लागायचा. म्हटलं, मोटरी तुमच्याच ताब्यात ठेवा. त्यांनी माझ्या सांगण्याच्या एक पाऊल पुढे जाऊन केलं. ट्रॅकने स्वतःच्या १६ मोटरी घेतल्या, प्रत्येकीवर नंबर रंगवला, आणि रविवारी सकाळी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी उचलायची. जो नंबर येईल ती मोटर. बसवून झाली की स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. संध्याकाळी ठिपका अखंड पाहिजे, मोटर परत.

या मोटरी सगळ्या सारख्या नसतात, हे खरं. कार्बन ब्रश कम्युटेटरवर नीट बसला की जरा जास्त पळते, झिजला की मंदावते. आमच्या स्टार्टर मोटरसारखंच. पण चिठ्ठीमुळे आज चांगली तुझ्याकडे, पुढच्या रविवारी माझ्याकडे. चार-पाच आठवड्यांनी मी माझा क्लॅम्प मीटर घेऊन जातो आणि सगळ्या मोटरी एकाच सप्लायवर बिनलोड फिरवून कोणती किती करंट खाते ते वहीत लिहितो. फारच वेगळी निघाली ती बाद. फुकट करतो, पण चहा त्यांचा.

एका मुद्द्यावर मी त्यांच्याशी भांडलो आणि जिंकलो. खर्च वाढू नये म्हणून "एकही जादा पार्ट नाही" असं ते लिहायला निघाले होते. किटमध्ये चाकांच्या शाफ्टला प्लॅस्टिकचे बुश येतात. धूळ बसली, कार्पेटचे तंतू गुंडाळले गेले की ते झिजतात, चाक डुलतं, गाडी सरळ जात नाही, आणि पोराला वाटतं आपल्यालाच चालवता येत नाही. ११ बाय ५ मिलिमीटरचे बॉल बेअरिंग घातले की हा प्रश्नच मिटतो. बंदीने वाचतील ते पैसे बेअरिंगचे, आणि जाईल ते पोर. शेवटी बेअरिंगला सूट मिळाली. बाकी चकाकणारे ॲल्युमिनियमचे पार्ट बंद.

बॅटरीचा नियम कडक आहे आणि असावाच. दोन सेलची, कडक कवचाची लिपो (लिथियमवाली), नाहीतर ७.२ व्होल्टची जुनी निकेलवाली. शर्यतीआधी मीटरवर ८.४ च्या वर एक काटा गेला तरी गाडी बाजूला. चार्जिंग फक्त एका टेबलावर, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, आगरोधक पिशवीत, आणि ५,००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअरच्या वर नाही. फुगलेली बॅटरी दिसली की परत घरी न्यायची नाही, ते ठेवून घेतात. टेबलाशेजारी वाळूने भरलेल्या दोन लाल बादल्या टांगल्यात, आमच्या डिझेल पंपाशेजारी असायच्या तशाच. त्या बघून मी पहिल्याच दिवशी निम्मा निश्चिंत झालो होतो. एकच सांगणं: शर्यत संपल्यावर बॅटरी भरलेली किंवा पार रिकामी ठेवायची नसते, सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायची, हेही त्या फळ्यावर लिहा. माझी एक त्यातच गेली.

टायर सगळ्यांना एकच. पकड वाढावी म्हणून टायरला लावतात ते वासाचं औषध नवशिक्यांना मना. रिमोट आधी चालू, गाडी नंतर. बंद करताना उलट. हे पोरांना लगेच पाठ होतं, मोठ्यांना होत नाही.

आता माझ्या आवडीचा नियम. मचाणावर मुलासोबत एकच मोठा माणूस, आणि त्याचे हात पाठीमागे. अक्षरशः असंच लिहिलंय: "हात मागे." रिमोटला मोठ्याचं बोट लागलं तर ती फेरी रद्द. पहिल्या रविवारी सगळे बाबा शाळेत शिक्षा झाल्यासारखे हात मागे बांधून उभे होते, आणि तोंडं चालू, "डावीकडे, डावीकडे, अरे सोड ना!" दुसऱ्या रविवारी तोंडालाही मनाई आली. माझं सांगायचं तर मला दोन वेळा ताकीद मिळालीय. नातू होज पाइपवर गाडी चढवतोय हे दिसत असताना हात मागे ठेवून गप्प राहणं मला ब्रेक फेल गाडीत बसल्यासारखं वाटतं. मोटर, बॅटरी, गिअर, चिठ्ठी, हात मागे, सगळं बघा: यातला एकही नियम पोरांसाठी लिहिलेला नाही. पोरं पहिल्या दिवसापासून शहाणीच होती.

मार्शलच्या बाबतीत मात्र पोरं ढिलीच. तुमची शर्यत झाली की पुढच्या शर्यतीला तुम्ही मार्शल, हा नियम जगभर आहे. उलटलेली गाडी उचलून सरळ करायची. इथे सहा जागांवर रंगाचे गोल काढलेत, ज्याचा त्याने आपल्या गोलात उभं राहायचं, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. बूट पाहिजेत. मोबाइल खिशात. गाडी उलटली की चालवणाऱ्याने आधी ॲक्सिलरेटर सोडायचा, मगच मार्शलने हात घालायचा, कारण फिरतं चाक बोटाची साल काढतं. आणि मागून दुसरी गाडी येत असेल तर तिला आधी जाऊ द्यायचं. दहाच्या आतल्या मुलाच्या गोलात त्याच्यासोबत मोठा माणूस उभा राहतो. अशा पोरांसोबत कधी मीही राहतो. गुडघे दुखतात, पण सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं. गाडी कुठे उलटते, का उलटते, ते मचाणावरून दिसत नाही.

शर्यत चार मिनिटांची. मोठ्यांची पाच मिनिटांची असते. नवशिक्याचं लक्ष चार मिनिटं टिकतं, पाचव्या मिनिटाला गाड्या तुटतात, हे त्यांनी बघून ठरवलं. मागून वेगाची गाडी आली तर हळू चालवणाऱ्याने घाबरून वाट द्यायला आडवं व्हायचं नाही, आपली रेघ धरून जायचं. न धडकता पुढे काढायची जबाबदारी मागच्याची. धडकवून पुढे गेलात तर थांबून त्याला परत पुढे जाऊ द्यायचं.

आणि वर्ग कधी सोडायचा हेही लिहिलंय, जे लिहायला पुष्कळ जण विसरतात. लागोपाठ तीन रविवार पहिला आलात, किंवा एक फेरी १३ सेकंदांच्या आत काढलीत, की पुढच्या वर्गात. इच्छा असो वा नसो. नाहीतर मुरलेली मुलं खालच्याच वर्गात बसून ट्रॉफ्या गोळा करतात. शेवटच्या रविवारी मुद्दाम दुसरा येणारा एक चतुर निघाला होता. म्हणूनच १३ सेकंदांची अट नंतर जोडली.

खर्च सांगतो. रविवारची फी ३५० रुपये. गाडी नसेल तर ट्रॅकच्या चार भाड्याच्या आहेत, २०० रुपये जादा. माझं ऐकाल तर दोन महिने भाड्याचीच चालवा. आम्हाला किट, रेडिओ (म्हणजे रिमोट), सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर सगळं धरून २५,००० च्या आसपास पडलं. पेन्शनीत ते जड आहे, खोटं कशाला बोलू. सूनबाईंना अजून आकडा नीट माहीत नाही. पण वर्षभरात त्यावर ४०० रुपयांच्या वर पार्ट लागले नाहीत.

आता तक्रारी. संडास एकच, त्याची कडी आतून लागत नाही, बाहेर कुणाला तरी उभं करावं लागतं. पत्र्याचं छत, त्यामुळे मे महिन्यात दुपारी बारानंतर आत थांबवत नाही. कार्पेटचा गोंदही सुटायला लागतो. बसायला प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या, त्यातल्या दोन डुगडुगतात. मचाणाच्या पायऱ्यांना कठडा नव्हता, तीन वेळा सांगितल्यावर आला. निकाल इंग्रजीत पुकारतात आणि कॉम्प्युटर मराठी आडनावांचं जे करतो ते ऐकवत नाही. नियमही आधी नुसते इंग्रजीत होते. एका पोराच्या आजीने विचारलं, "यात काय लिहिलंय ते मला कोण सांगणार?" तेव्हा कुठे फळ्यावर मराठी आलं. लिहिणारा मीच, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका माझ्या नावावर धरा. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने या. चप्पल घालून येऊ नका, मार्शलला उभं करत नाहीत आणि शर्यतही मग मिळत नाही.

पाचपैकी चार तारे. पाचवा त्या कडीसाठी राखून ठेवलाय.

आज क्लासला १४ जण आहेत. त्यात पाच मुली, आणि ती रडणारी त्यातलीच एक. तीन सेलवाले बाबा रविवारी चार्जिंगच्या टेबलावर बसतात, बॅटऱ्या मोजतात आणि कुणालाही सोडत नाहीत. नातू जूनमध्ये वरच्या वर्गात गेला. गाडी मग माझ्याकडे आली, कारण वयाची अट नियमांत कुठेच नाही. मी बघून घेतलं होतं. गेल्या रविवारी मला मोटर नंबर ११ आली, जरा मंदच. चार मिनिटांत १४ फेऱ्या झाल्या आणि मी शेवटून दुसरा आलो. मागे नातू उभा होता, हात मागे बांधून. तिसऱ्या वळणाला गाडी होज पाइपवर चढली तेव्हा तो काहीतरी पुटपुटला, आणि त्याला ताकीद मिळाली.